हुंबर नदी ओलांडतो

पंचवटी, नाशिक
१८ मे २०२५

चि. वैष्णवीस अनेक आशीर्वाद.

सोबत 'काजळखोऱ्याचे जादूगार'च्या नवव्या आणि शेवटच्या भागाची मुद्रितं पाठवत आहे. पानं दोनशे चार. आमचे प्रकाशक दीपकराव या वेळी संगणकावरच तपासा म्हणून हटून बसले होते. त्यांना सांगितलं, माझी तपासनीस एकलहऱ्याला राहते, तिला समासात लाल पेनने लिहायची अकराव्या वर्षापासूनची सवय आहे, तुम्ही मधे पडू नका.

तुझं पहिलं पत्र अजून माझ्याकडे आहे. तिसऱ्या भागात हुंबर असुराला पान नऊवर दोन शिंगं आहेत आणि पान नव्वदवर तीन, 'कृपया खुलासा करावा.' आमच्या उपाध्यायांच्या घरात यजमानांच्या वंशावळीच्या वह्या आहेत. त्यात लिहिलेलं खोडत नाहीत. चूक निघाली तर पुढच्या कोऱ्या पानावर 'दुरुस्ती' म्हणून नोंदवतात. तेच मी पुस्तकाला लावलं. चौथ्या भागाच्या शेवटी दुरुस्तीपत्रक छापलं, खाली 'वै.' म्हणून तुझं नाव. तेव्हापासून प्रत्येक भागाच्या उरलेल्या चुका पुढच्या भागात जातात. मुलं आता गोष्टीआधी तेच पान उघडतात, असं दीपकराव कुरकुरत सांगतात.

शेवट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण नियम मीच घातले होते. तांब्याच्या गडूत बांधलेल्या असुराने नऊ कामं केली की जादूगाराने त्याला तीनदा 'जा' म्हणायचं, आणि सुटलेला असुर माणसाला ओळखत नाही. पहिल्या भागात हे लिहिलं तेव्हा नववं काम फार लांब होतं. आता तारिणीला हुंबरला ते म्हणावं लागणार.

तुझी धाकटी बहीण वेदिका लहानपणापासून हुंबरच्या बाजूची, असं तू एकदा कळवलं होतंस. तिला शेवट सांगू नकोस. ती सध्या काय करते?

कुसुम विचारते, ही मुलगी पंधरा किलोमीटरवर राहते, सोळा वर्षं तुमच्या चुका काढते आणि एकदाही चहाला आली नाही. ती खरोखर आहे ना, की तीही तुम्हीच लिहिली?

छपाई ५ जुलैला सुरू होईल. त्याआधी कळव.

तुझा,
यज्ञेश्वर काका


एकलहरे वसाहत
२६ मे २०२५

आदरणीय काका,
सा. न.

मुद्रितं दोनदा वाचली. अकरा चुका सापडल्या. दहा समासात दाखवल्या आहेत. त्यातल्या बहुतेक किरकोळ आहेत. उदाहरणार्थ, पान ५८ वर गडू पितळेचा झाला आहे. पान १२ वर तारिणी चौदा वर्षांची आहे. आठव्या भागातल्या तारखांवरून तिला चौदा पूर्ण व्हायला अजून दोन महिने आहेत. पान १४० वर ती उजव्या हाताला पट्टी बांधते आणि पान १४३ वर त्याच हाताने दोर ओढते. हे तुम्ही मुद्दाम केलं असेल तर तसं लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला ती खोटं बोलते असं वाटेल.

अकरावी चूक मोठी आहे. पान १८७ वर, तीनदा 'जा' म्हटल्यावर, हुंबर एकटा नदी ओलांडून पलीकडे जातो. हे शक्य नाही. तिसऱ्या भागात नियम आहे की असुराला वाहतं पाणी ओलांडायचं असेल तर जादूगाराने त्याचा हात धरावा लागतो. तारिणी हात धरत नाही. म्हणजे हुंबर अलीकडेच राहतो. शेवटचं प्रकरण या नियमाप्रमाणे पुन्हा लिहावं लागेल. तिसऱ्या भागाची आमची प्रत वेदिकाने सिन्नरच्या मैत्रिणीला दिली आहे, म्हणून पान आठवणीने देते: ६४.

वेदिका बी.एस्सी. झाली. तिला पिथौरागडच्या बाजूला डोंगरातल्या एका निवासी शाळेत विज्ञान शिकवायचं दोन वर्षांचं काम मिळालं आहे. ३० जूनपर्यंत होकार कळवायचा होता. मी नको म्हटलं. अंतर, थंडी आणि अपुरा पगार ही कारणं आहेत. तिने वाद घातला नाही. माझ्या होकाराशिवाय ती जाणार नाही, त्यामुळे तो विषय संपला आहे. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं.

काकूंना सांगा, मी आहे.

आपली,
वैष्णवी


पंचवटी
३१ मे २०२५

चि. वैष्णवीस आशीर्वाद.

दहा चुका मान्य. पट्टीचा हात मी मुद्दाम केलेला नाही. तारिणीच्या वयाचं तर मला हसूच आलं. दोन महिने तिला लहान ठेवतो.

अकरावीपाशी अडलो. तिसऱ्या भागाचं पान ६४ काढून पाहिलं. तिथे असुरांच्या शहरातला कांद्याचा लिलाव आहे. हात धरण्याचा नियम त्या पानावर नाही. मग पूर्ण तिसरा भाग चाळला. रोज सकाळी रामकुंडावर यजमानांची कामं, त्यात कुंभाची तयारी चाललेली, म्हणून पाच दिवस लागले. मला कुठे सापडला नाही. मी म्हातारा झालोय, लिहिलेलं विसरतो, हे खरं. पण नदीच्या काठावर जन्म गेलेल्या माणसाने पाण्याचा नियम लिहिला आणि विसरला, हे मनाला पटत नाही.

सोळा वर्षांत तू दिलेलं एकही पान चुकलेलं नाही. म्हणून भांडत नाही, विचारतो आहे. दुसऱ्या कुठल्या भागात आहे का?

वेदिकाचं वाचलं. तू लिहिलेली तिन्ही कारणं बरोबर आहेत. बाकी तुमच्या घरातलं तुम्हाला माहीत.

यज्ञेश्वर काका


एकलहरे
४ जून २०२५

आदरणीय काका,
सा. न.

नियम आहे. मला वाक्य पाठ आहे: 'जादूगाराचा हात सुटला तर असुर पाण्यात विरघळतो.' प्रत आणवते आणि पान कळवते. तोपर्यंत प्रकरण छापायला देऊ नये.

वैष्णवी


एकलहरे
१५ जून २०२५

आदरणीय काका,
सा. न.

नियम नाही. तिसरा भाग सिन्नरहून मीच घेऊन आले. माझा कारखाना तिथून जवळ आहे. दोनदा वाचला. मग पहिल्यापासून आठही भाग ओळीने वाचले. विरघळण्याचं वाक्य कुठेही नाही. अकरावी चूक मी मागे घेते. तुमचे पाच दिवस गेले, त्याबद्दल माफी.

इतकंच लिहून पत्र बंद करणार होते. पण सोळा वर्षं मी तुमच्याकडे खुलासे मागितले आहेत, तेव्हा एक माझ्याकडून देणं लागते.

शुक्रवारी वेदिका ओट्यापाशी भेंडी चिरत होती. मी तिला विचारलं की वाहत्या पाण्याचा नियम कोणत्या भागात आहे. तिने मान वर न करता सांगितलं, "कुठल्याच नाही. तो तू केला होतास."

मला आठवत नव्हतं. तिने सगळं सांगितलं तेव्हा आठवलं. मी बारा वर्षांची होते, ती सात. आईला त्या उन्हाळ्यात दवाखान्यात ठेवलं होतं आणि आमचे वडील, अण्णा, कामावरची पाळी संपली की तिकडे जायचे. वेदिका दिवसभर माझ्यावर होती. आमच्या क्वार्टरच्या मागे कालवा आहे, त्याच्यावर एक अरुंद फळी टाकलेली असायची, आणि पलीकडे बोरीची झाडं. सगळी मुलं तिकडे जायची. मला भाजी निवडायची असायची, कणीक मळायची असायची, आणि ती दर दहा मिनिटांनी फळीवर. ओरडून उपयोग नव्हता. तेव्हा आम्ही तुमचा खेळ खेळायचो. मी तारिणी, ती हुंबर. दरवेळी तीच हुंबर. मी पुस्तक उघडून वाचल्यासारखं केलं आणि तिला तो नियम सांगितला. पान ६४ हेही तेव्हाच ठरवलं असणार.

त्या दिवसापासून ती कालव्यापर्यंतही गेली नाही. आई पावसाळ्यात गेली. खेळ पुढे बंद झाला, पण नियम उरला. शाळेची सहल नदीपलीकडे होती तेव्हा ती मला विचारायला आली. कॉलेज कुठलं घ्यायचं, हेही विचारायला आली. मला ते चांगलं वाटायचं.

मी दाबमापकं तपासते. गेज रोज थोडं जास्त दाखवत असेल आणि कोणी वर्षानुवर्षं तपासलं नाही, तर तिथला माणूस त्यालाच बरोबर आकडा समजतो. मी पंधरा वर्षं तपासलं नाही.

मी तिला म्हटलं, "तुला इतकी वर्षं खरं वाटलं?"

ती म्हणाली, "दहाव्या वर्षी मी ते पुस्तक स्वतः वाचलं ना, ताई. कांद्याचा लिलाव आहे त्या पानावर."

"मग ऐकत का राहिलीस?"

तिने भेंडी चिरायची थांबवली नाही. "तू घाबरली असतीस," म्हणाली.

मी खोलीत गेले. बाहेर अण्णा ऐकत होते. ते कारखान्याच्या भोंग्याइतकंच बोलतात, दिवसातून तीनदा. ते आत आले आणि म्हणाले, "वैशू, तुला इचारल्याबिगर ती पानीबी पीत नाय. हे बरं नाय. दोघींसाठीबी."

पान १८७ जसं आहे तसं ठेवा.

वैष्णवी


पंचवटी
२० जून २०२५

चि. वैष्णवीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग कुसुमला वाचून दाखवलं. तुला चालणार नाही हे माहीत असून दाखवलं, तेव्हा ती चूक माझ्या नावावर मांड.

आता एक बोलायचं आहे आणि ते तुझ्याशीच बोलता येण्यासारखं आहे. तुझा नियम माझ्या सगळ्या नियमांपेक्षा चांगला आहे. मी वीस वर्षं मंत्र, गडू, शिंगं यांत घातली आणि हात धरण्याची गोष्ट मला सुचली नाही. परवा दुपारी मी बसलो आणि शेवटचं प्रकरण तुझ्या नियमाने लिहून पाहिलं. तारिणी तीनदा 'जा' म्हणते. हुंबर नदीपर्यंत जातो. तारिणी हात पुढे करत नाही. हुंबर थांबतो, मागे फिरतो, आणि गडूशेजारी येऊन बसतो. कुणाचं काही बिघडत नाही. अकरा पानं झाली, एका बैठकीत. तीही सोबत पाठवतो आहे.

दीपकरावांना फोनवर ऐकवलं तर ते जवळजवळ रडले. म्हणाले, म्हणजे दहावा भाग. म्हणाले, मुलांची दोनशेवर पोस्टकार्डं आली आहेत, सगळ्यांना हुंबर राहायला हवा आहे. गंगापूर रोडच्या एका पहिलीतल्या मुलाने तर धमकी दिली आहे की हुंबर गेला तर तो गणित सोडेल.

पण खरं कारण मुलं नाहीत. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. सकाळी अकरापर्यंत रामकुंड, मग जेवण, आणि दोन ते पाच हुंबर. वीस वर्षं हे असं आहे. तो गेला की दोन ते पाच मी काय करायचं? कुसुम म्हणते, झोपा. तिला हे सोपं वाटतं.

तेव्हा हे तुझ्यावर सोपवतो. नियम तुझा आहे. तू म्हणशील ते प्रकरण छापतो. ५ जुलैच्या आत सांग.

कुसुमने एवढंच विचारलं की त्या मुलीच्या बहिणीचं काय ठरलं. मला माहीत नाही म्हणालो. ती म्हणाली, तेच तर आधी विचारायचं होतं.

यज्ञेश्वर काका


एकलहरे
२९ जून २०२५

आदरणीय काका,
सा. न.

नवीन प्रकरण वाचलं. ते चांगलं लिहिलं आहे. त्यात एकही चूक नाही. ते छापू नका.

पहिलं कारण तांत्रिक आहे. नियम आठ भागांत कुठेही नाही आणि नवव्यात, गरज पडल्यावर, येतो. ज्या मुलांनी पहिल्या भागापासून लक्ष ठेवलं आहे त्यांना कळेल. मी अकरा वर्षांची असते तर तुम्हाला पत्र लिहिलं असतं.

दुसरं कारण असं, की नियमामुळे थांबलेला आणि आपणहून थांबलेला, हे दोघे बाहेरून सारखे दिसतात. तुमच्या नव्या प्रकरणात हुंबर गडूशेजारी बसतो आणि तारिणीला वाटतं तो खूश आहे. तिला तसंच वाटत राहील. पुढचे दहा भाग वाटत राहील. तिला कधी विचारावंसंही वाटणार नाही. मला ते प्रकरण वाचताना मुख्य म्हणजे हेच दिसलं, आणि मला ते वाचवेना.

म्हणून हुंबर जाऊ दे. एकच सुचवते, आणि ही दुरुस्ती नाही, विनंती आहे. पान १८७ वर तो सरळ पाण्यात उतरतो. त्याआधी तो एक क्षण काठावर थांबू दे. त्याला आता कोणी ओळखीचं नाही, त्यामुळे का थांबला हे त्यालाही माहीत नसेल. तुम्हीही लिहू नका.

दोन ते पाचचं मला काही सांगता येत नाही. माझ्याही संध्याकाळी साडेसहानंतर मोकळ्या होणार आहेत.

काल मी वेदिकाला 'जा' म्हटलं. ती अंगणात स्कूटी पुसत होती. तिने फडकं खाली ठेवलं आणि म्हणाली, "एकदाच? पुस्तकात तीनदा लागतं."

मी म्हटलं, "अजून दोनदा मला जमणार नाही. एकदाचं चालवून घे."

तिने चालवून घेतलं. तिने तेव्हाच शाळेला होकार कळवला. अण्णांना सांगितलं तर ते "बरं झालं" म्हणाले आणि थर्मास किती लिटरचा घ्यावा याचा विचार करू लागले.

काकूंना तिचं ठरलेलं सांगा.

वैष्णवी


पंचवटी
२ जुलै २०२५

चि. वैष्णवीस आशीर्वाद.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे केलं. अकरा पानं कपाटात ठेवली. हुंबर जातो. काठावर थांबतो. सात शब्दांचं वाक्य आहे, त्याला अख्खी दुपार लागली, म्हणजे एक दुपार तरी कारणी लागली.

दीपकराव माझ्याशी बोलत नाहीत. छापायला मात्र घेतलं.

एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक भागाच्या उरलेल्या चुका आपण पुढच्या भागात दुरुस्त करत आलो. आता पुढचा भाग नाही. नवव्यात जे राहून गेलं असेल ते तसंच राहणार. काल रात्रीचं जेवण झाल्यावर हे कुसुमला सांगितलं. ती म्हणाली, एवढं एक पुस्तक माणसांसारखं असू द्या.

वेदिकाचा दिवस कोणता? कुसुमने मेतकूट आणि लिंबाचं लोणचं बांधून ठेवलं आहे. थंडीत भाताबरोबर लागतं. मी शिष्याबरोबर वसाहतीत पाठवतो.

यज्ञेश्वर काका


एकलहरे
१३ जुलै २०२५

आदरणीय काका, आणि काकू,
सा. न.

लोणचं आणि मेतकूट वेळेवर मिळालं. बरणीचं झाकण नीट बसत नव्हतं, म्हणून दुहेरी प्लॅस्टिक लावून सुतळीने बांधलं. वेदिकाला काकूंचे आभार कळवायला सांगितलं आहे. ती विसरेल, म्हणून मी कळवते.

तिचं तिकीट मनमाडहून होतं. काल दुपारी आम्ही तिघं जीपने गेलो. गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती. अण्णांनी तीन वेळा पाण्याच्या बाटल्या मोजल्या. मी तिला सूचना देणार होते. यादी केली होती, चौदा मुद्दे. वाचायला सुरुवात केली तेव्हा ती म्हणाली, "ताई, दे इकडे, गाडीत वाचते," आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. ती वाचणार नाही हे आम्हा दोघींना माहीत होतं.

गाडी आली. तिचा डबा पुढे होता, त्यामुळे धावावं लागलं. तिची जागा खिडकीची निघाली. समोर एक बाई लहान मुलीला घेऊन बसली होती, ती मुलगी लगेच वेदिकाच्या पिशवीत हात घालायला लागली. वेदिका तिच्याशी बोलत होती तेव्हा गाडी हलली, म्हणून नीट निरोप असा झाला नाही. तिने मग हात बाहेर काढला. मी चालत होते तोवर धरला. फलाट संपायच्या बराच आधी सोडला.

परत येताना अण्णा जीपमध्ये झोपले, किंवा डोळे मिटून बसले. घरी आल्यावर मी तुम्ही पाठवलेलं पान १८७ वाचलं. सात शब्द बरोबर आहेत. नंतरचा परिच्छेद वाचायला वेळ लागला. तारिणी हाक मारते, तो वळून बघतो, तिला झाडाकडे बघावं तसं बघतो, आणि जातो. मुलं रडतील. रडू द्या. मीही काल तेवढ्यासाठी पान एकदा पालथं ठेवलं.

पण सुटलेल्या असुरांचं आणि माणसांचं एकसारखं नसतं, हे आज सकाळी कळलं, ते कळवण्यासाठी हे पत्र. पावणेसातला झाशीहून वेदिकाचा फोन आला. चहा प्यायली, झोप बरी लागली, ती छोटी मुलगी आग्र्याला उतरणार आहे. मग म्हणाली, "ताई, काल निघताना गॅस बंद केला होतास ना?"

मी म्हटलं, "केला होता."

फोन ठेवला आणि जाऊन पाहिलं.

आपली,
वैष्णवी